आनंदीबाईंचे पहिले वर्ष

दरवर्षी जून-जुलै महिन्यांत गोरखपुरातील कितीतरी मराठी घरांत एकच लगबग सुरू होते. बारावी उत्तीर्ण झालेल्या मुला-मुलींच्या बॅगा भरल्या जातात, लाडू-चिवड्याचे डबे बांधले जातात आणि जबलपूरच्या स्थानकावरून गाडी हलली की आई-वडील रिकाम्या घरात परततात. कोणी पुण्याला जाते, कोणी नागपूरला, कोणी इंदूर-भोपाळला. जी मुले याच शहरातील विद्यापीठात शिकतात, त्यांनाही एक मोठा पल्ला ओलांडावा लागतोच. घरात आणि शाळेत मराठी, बाजारात हिंदी आणि महाविद्यालयाच्या व्याख्यानात इंग्रजी, अशा तीन भाषांच्या तीन जगांत त्यांना एकाच दिवसात वावरावे लागते. शाळेत प्रत्येक शिक्षक नावाने हाक मारीत असे. तेथे हजेरीपटावरील एक क्रमांक एवढीच ओळख उरते. मेसचे जेवण, खोलीतील एकटेपणा, आपल्याहून पुढे गेलेले भासणारे सहाध्यायी आणि घरी फोनवर सारे ठीक आहे असे सांगण्याची धडपड, हे पहिल्या वर्षाचे ठरलेले चित्र आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासात असे पहिले वर्ष अनेकांनी अनुभवले, परंतु डॉ. आनंदीबाई जोशी यांच्याइतके खडतर वर्ष क्वचितच कोणाच्या वाट्याला आले असेल. वैद्यकशास्त्राची पदवी मिळविणारी पहिली महाराष्ट्रीय स्त्री म्हणून त्यांचे नाव शाळेतल्या प्रत्येक मुलीला ठाऊक असते. त्यांची पदवी आणि त्यांचा अकाली मृत्यू या दोन घटनांवर त्यांच्या चरित्राचा सारा प्रकाश पडतो. पदवीच्या आधीचे, १८८३ च्या शरद ऋतूत सुरू झालेले फिलाडेल्फियातील पहिले वर्ष मात्र दोन-चार ओळींत उरकले जाते. पुढील यश आणि पुढील शोकांतिका या दोहोंची बीजे त्या वर्षात दिसतात.

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेर कल्याणच्या जोशी घराण्यातले. एकेकाळी जमीनजुमला बाळगून असलेले, पण पुढे परिस्थिती उतरलेले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे नवव्या वर्षी, १८७४ मध्ये, तिचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव पोस्ट खात्यात कारकून होते, बिजवर होते आणि वयाने तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. पत्नीला शिकवायचे हा त्यांचा ध्यास होता आणि तो त्यांनी विवाहाच्या वेळीच सासरच्या मंडळींना सांगून टाकला होता. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली आणि पाटी-पुस्तक तिच्या संसाराचाच भाग बनले.

हे शिक्षण सुखाचे नव्हते. गोपाळरावांचा स्वभाव तऱ्हेवाईक आणि कमालीचा तापट होता. अभ्यासात हयगय झाली तर लहानग्या आनंदीला मार बसे. घरातील वडीलधाऱ्यांचा विरोध टाळण्यासाठी त्यांनी बदली मागून घेतली आणि अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भुज असा पती-पत्नींचा प्रवास सुरू झाला. पतीबरोबर रस्त्याने फिरायला जाणारी आणि पुस्तके घेऊन शाळेत जाणारी ब्राह्मणाची बायको हा त्या काळी कुचेष्टेचा विषय होता. लोक हसत, टोमणे मारीत. ते सारे सोसून आनंदीबाई शिकत राहिल्या. मराठी त्यांची होतीच, तिच्या जोडीला संस्कृत आणि इंग्रजी आले.

वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो अवघ्या दहा दिवसांत गेला. बाळंतघरातील अज्ञान आणि पुरुष डॉक्टरापुढे जाण्याचा स्त्रियांचा संकोच यांमुळे किती जीव नाहक जातात, हे त्यांनी स्वतःच्या दुःखातून जाणले. पुढे अमेरिकेतील महाविद्यालयाला लिहिलेल्या प्रवेशअर्जात त्यांनी हेच कारण मुख्य म्हणून मांडले. पुरुष वैद्याकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठी त्यांना डॉक्टर व्हायचे होते.

कोल्हापुरास असतानाच गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणाच्या सोयीविषयी अमेरिकन मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला होता. तो तिकडच्या एका मिशनरी नियतकालिकात छापला गेला. न्यू जर्सी राज्यातील रोझेल या गावच्या थिओडिसिया कार्पेंटर नावाच्या गृहिणीने १८८० मध्ये दंतवैद्याकडे आपला क्रम येण्याची वाट पाहताना तो अंक सहज चाळला आणि दूर देशातील त्या अनोळखी मुलीला पत्र लिहिले. त्या पत्रातून एक विलक्षण नाते जुळले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. अमेरिकेच्या भूमीवर पाऊल ठेवण्यापूर्वी तेथील एका घरात आपल्यासाठी जागा आहे हे त्यांना ठाऊक होते आणि पुढे याच नात्याने त्यांना तारले.

१८८१ मध्ये गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली. मुंबईकडून कलकत्त्याला जाणारा थेट लोहमार्ग तेव्हा जबलपूरवरूनच जात असे. मुंबईहून येणारी जी. आय. पी. रेल्वे आणि कलकत्त्याकडून येणारी ईस्ट इंडियन रेल्वे १८७० साली याच शहरात एकमेकींना मिळाल्या होत्या. नोकरीसाठी, व्यापारासाठी, शिक्षणासाठी मुलूख सोडून निघालेल्या कितीतरी मराठी कुटुंबांनी तो मार्ग धरला. त्यांपैकी काही नर्मदेच्या या परिसरातच स्थिरावली. आपली भाषा आणि चालीरीती जपत परमुलखात राहणे म्हणजे काय, हे इथल्या मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. आनंदीबाईंनाही त्याचा पहिला अनुभव बंगालमध्येच आला. तिथले लोक, भाषा, हवापाणी सारेच परके. त्यांची प्रकृती याच काळात ढासळू लागली; डोकेदुखी आणि ताप यांनी त्यांचा पिच्छा पुरविला. अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्या पूर्ण निरोगी नव्हत्या, ही गोष्ट त्यांच्या पहिल्या वर्षाचा विचार करताना ध्यानात ठेवली पाहिजे.

एका विवाहित हिंदू स्त्रीने एकटीने समुद्र ओलांडावा, ही कल्पनाच समाजाला असह्य होती. टीकेचे मोहोळ उठले. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत जाहीर भाषण केले. लोकांच्या मनातील सहा प्रश्न त्यांनी स्वतःच क्रमाने मांडले आणि शांतपणे त्यांची उत्तरे दिली. अमेरिकेलाच का, येथे शिकण्याची सोय नाही का, एकटीच का, जातीबाहेर टाकले तर काय, संकट ओढवले तर काय आणि आजवर कोणत्याही स्त्रीने न केलेली गोष्ट आपणच का करावी, असे ते प्रश्न होते. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा त्यांच्या बोलण्याचा सारांश होता. बोलणाऱ्या वक्त्या त्या वेळी अठरा वर्षांच्याही झालेल्या नव्हत्या.

हातातील सोन्याच्या बांगड्या विकून प्रवासखर्चाची जुळवाजुळव झाली. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघालेल्या आनंदीबाई ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. या जवळजवळ दोन महिन्यांच्या प्रवासात त्यांच्याबरोबर ओळखीचे असे कोणी नव्हते. सोबतीला होत्या त्या मिशनरी स्त्रिया आणि त्यांचा धर्मांतराचा आग्रह. गोपाळराव मागे राहिले होते. बंदरावर कार्पेंटरबाई वाट पाहत होत्या. तीन वर्षे केवळ अक्षरांतून भेटलेली माणसे तेथे प्रथमच समोरासमोर आली.

महाविद्यालय सुरू होण्यास अद्याप चार महिने होते. ते महिने आनंदीबाईंनी रोझेलला कार्पेंटर कुटुंबात काढले. हा काळ त्यांच्या पुढील वर्षाची खरी पूर्वतयारी ठरला. तेथील बोलण्याची ढब, घरातील रीतभात, टेबलावरचे शिष्टाचार, बाजारहाट हे सारे त्या घरच्या मुलीसारख्या शिकल्या. घरकामाला हात लावला, मुलांशी खेळल्या आणि आपल्या पद्धतीचा स्वयंपाक रांधून पाहुण्यांना जेवूही घातले. आपले दाखवायचे आणि त्यांचे शिकायचे, अशी ही देवाणघेवाण होती. परक्या मुलखात शिकायला जाणाऱ्याला असे एखादे घर मिळाले तर पहिल्या वर्षाचा निम्मा भार हलका होतो. उन्हाळा सरला, रोझेलचे घर सुटले आणि खरी कसोटी सुरू झाली.

फिलाडेल्फियाचे विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया १८५० मध्ये स्थापन झाले होते. स्त्रियांना वैद्यकीय पदवी देणाऱ्या जगातील अगदी पहिल्या संस्थांपैकी ते एक होते. आनंदीबाई तेथे आल्या तेव्हा डॉ. रेचल बॉडली या संस्थेच्या डीन होत्या. रसायनशास्त्र हा त्यांचा विषय. आनंदीबाईंचा प्रवेशअर्ज वाचून महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला आणि तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्तीही दिली. अर्जात त्यांनी आपल्या तयारीतील उणिवा झाकून ठेवल्या नव्हत्या. घरी झालेले शिक्षण, तुटपुंजे साधन, सारे त्यांनी सरळ लिहिले होते आणि निश्चयाच्या बळावर आपल्याला संधी द्यावी अशी विनंती केली होती.

ऑक्टोबर १८८३ मध्ये अभ्यासक्रम सुरू झाला. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, रसायनशास्त्र, औषधिविज्ञान हे विषय. दिवसभर व्याख्याने आणि त्यांच्या जोडीला शवविच्छेदन. बहुतेक सहाध्यायिनी रीतसर शाळांतून शिकून आलेल्या होत्या आणि त्यांच्यासाठी इंग्रजी ही मातृभाषा होती. आनंदीबाईंनी मात्र ती भाषा पतीजवळ आणि थोडीफार मिशनच्या शाळेत, बदलीच्या गावांतून गोळा केली होती. शास्त्रीय संज्ञांचे लॅटिन मूळ त्यांच्या कानांना सर्वस्वी अपरिचित. मृतदेहाला स्पर्श झाला तर स्नान करण्याच्या चालीत वाढलेल्या मुलीने शवविच्छेदनाच्या टेबलापाशी उभे राहायचे, हा तर मनाचाच कस होता. ज्या कामासाठी आपण आलो त्याचाच हा भाग आहे, या एका विचाराने त्यांनी तो संकोच मागे टाकला.

अभ्यासापेक्षाही कठीण निघाले ते राहणे. त्यांना जी भाड्याची खोली मिळाली तिच्यातील शेकोटी सदोष होती. ती पेटविली की खोली धुराने भरून जाई आणि विझविली की हाडे गोठविणारी थंडी. धूर सोसायचा की थंडी, एवढाच निवडीला वाव होता. जबलपूरच्या डिसेंबर-जानेवारीतही शाली-स्वेटर बाहेर निघतात. फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात पारा गोठणबिंदूच्याही खाली उतरतो आणि रस्ते बर्फाने झाकले जातात. कोकणपट्टीच्या उबदार हवेत वाढलेली, आधीच तापाने खचलेली अठरा वर्षांची मुलगी त्या खोलीत रात्री जागून अभ्यास करीत होती. आपल्यासाठी इतकी माणसे खटपट करीत आहेत, शिष्यवृत्ती मिळाली आहे, मग आणखी काही मागायचे कसे, हा संकोच अशा विद्यार्थ्यांच्या मनात घर करून असतो. आनंदीबाईंचा स्वभावही निमूटपणे सोसण्याचाच होता.

पोशाखाचा प्रश्न याच थंडीतून उभा राहिला. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात. त्या हवेत ते प्रकृतीस घातक होते आणि तेथील समाजात संकोचाचेही. पाश्चात्त्य झगा घालणे हा सोपा उपाय होता. कोणीही त्याला नावे ठेवली नसती. आनंदीबाईंनी त्यावर स्वतःचा तोडगा काढला. त्यांनी घोट्यापर्यंत पाय झाकले जातील अशी गुजराती पद्धतीची साडी नेसण्यास सुरुवात केली आणि त्याची कारणे पतीला पत्राने सविस्तर कळविली. कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या तशाच राहिल्या. साडीचे नेसण बदलले, साडी सुटली नाही. कोठे वाकायचे आणि कोठे नाही, हे त्या वयात त्यांनी किती समंजसपणे ठरविले होते, याचे हे उदाहरण आहे.

अन्नाच्या बाबतीत त्यांनी अशी तडजोड केली नाही. मांसाहार वर्ज्य होता आणि तो व्रताचा विषय होता. त्या शहरात शाकाहारी जेवण सहजासहजी मिळत नसे. व्याख्यानांवरून थकून आल्यावर स्वतः चूल पेटवायची, मिळेल त्या धान्या-भाजीतून काहीतरी रांधायचे आणि पुन्हा पुस्तकाशी बसायचे. रांधण्याचे त्राण उरले नाही तर अर्धपोटी राहायचे. या निष्ठेचे कौतुक वाटते, तसेच मन हळहळतेही. कारण शरीराला जे हवे होते ते त्या हिवाळ्यात पुरेसे मिळत नव्हते आणि तिच्यासाठी रोज डाळ-भाताचा एक घास शिजविणारे घर फिलाडेल्फियात नव्हते.

धर्माच्या बाबतीतही सतत सावध राहावे लागे. भोवतालची माणसे मनाने चांगली असली तरी या मुलीने ख्रिस्ती व्हावे असे त्यांपैकी अनेकांना मनापासून वाटे. प्रार्थनेला बोलावणे येई, चर्चा होत, तिच्या देशाच्या चालीरीतींविषयी खोचक प्रश्न विचारले जात. त्या प्रार्थनेला जात, ऐकून घेत, इतरांच्या श्रद्धेचा मान राखीत. परंतु श्रीरामपूरच्या सभेत दिलेला शब्द त्यांनी ढळू दिला नाही. बालविवाहासारख्या विषयावर कोणी टीका केली की आपल्या समाजाची बाजू मांडण्याचा भारही त्या एकटीवरच पडे. वर्गात एकच परदेशी विद्यार्थिनी असली की सारा देश तिच्याच तोंडून उत्तरे देत असतो.

या साऱ्याहून अधिक जड होती ती घरून येणारी पत्रे. टपाल आठवडेच्या आठवडे समुद्रावर असे. एका पत्राचे उत्तर येईपर्यंत ऋतू पालटत. इतक्या प्रतीक्षेनंतर हाती पडलेल्या गोपाळरावांच्या पत्रांत पुष्कळदा धीर देण्याऐवजी संशय, टोचणी आणि आरोप असत. ज्या पतीने त्यांना हट्टाने शिकविले, समाजाशी झगडून साता समुद्रांपार धाडले, त्याच पतीला दूर गेलेली पत्नी आता आपल्या हातातून सुटत चालली असे भय वाटू लागले होते. आनंदीबाई दुखावल्या, पण गप्प राहिल्या नाहीत. आपल्या शिक्षणाचे श्रेय त्यांनी पतीला मोकळ्या मनाने दिले आणि त्याच पत्रांतून लहानपणी सोसलेल्या मारहाणीची आठवणही स्पष्ट शब्दांत करून दिली. पतीपुढे मान वर करून असे लिहू शकणारी स्त्री त्या काळच्या महाराष्ट्रात विरळा. हे धैर्यही त्यांना याच काळात सापडले, असे म्हणावे लागते. विद्यापीठातील वर्षे केवळ विषय शिकवीत नाहीत. स्वतःचे मत स्वतःच्या शब्दांत मांडण्याचे बळही देतात.

या काळात त्यांना आधार देणाऱ्या दोन स्त्रिया होत्या. रोझेलहून कार्पेंटर मावशी पत्रांतून धीर देत; सुट्टीत जावेसे वाटणारे ते एक हक्काचे घर होते. महाविद्यालयात डॉ. बॉडली यांनी या विद्यार्थिनीकडे मायेने लक्ष दिले. डीन या अधिकारपदाच्या पलीकडे जाऊन त्या तिची राहणी, आजारपण, अडचणी यांची विचारपूस करीत. फिलाडेल्फियाच्या मुक्कामात घटसर्पासारख्या गंभीर दुखण्याने आनंदीबाईंना गाठले, तेव्हाही त्या सर्वस्वी निराधार नव्हत्या. तरीही हे मान्य केले पाहिजे की पहिल्या हिवाळ्यातील त्या धुरकट, थंड खोलीत काय चालले आहे याची जाणीव आणखी थोडी आधी आणि आणखी थोड्या लोकांना व्हायला हवी होती.

पहिले वर्ष पार पडले. अर्धवट शिक्षणाची, परभाषेतून शिकणारी, सतत आजारी पडणारी ही विद्यार्थिनी मागे पडली नाही. पुढील दोन वर्षांत तिचा अभ्यास, तिचे वाचन आणि तिचा आत्मविश्वास वाढतच गेला. परदेशातून येणाऱ्या आणखी मुलींना त्या महाविद्यालयाने जवळ केले. जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली यांच्यासह आनंदीबाईंचे ऑक्टोबर १८८५ मधील छायाचित्र प्रसिद्ध आहे. तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत आणि साडीतील आनंदीबाई त्या दोघींच्या बरोबरीने ताठ बसलेल्या दिसतात.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली. प्राचीन आर्यांच्या काळातील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. परदेशातील ज्ञान घेताना आपल्या परंपरेत काय होते हे तपासण्याची दृष्टी त्यामागे होती. पदवीदान समारंभाला गोपाळराव हजर होते. त्यांच्या नात्यातील पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. त्याच १८८६ साली कलकत्त्यात कादंबिनी गांगुली याही वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. भारतीय स्त्रीच्या हाती नाडीपरीक्षेचा अधिकार आला तो असा, दोन खंडांत एकाच वर्षी.

कोल्हापूर संस्थानाने त्यांना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागाचे प्रमुखपद देऊ केले. ज्या गावात पुस्तक हाती घेऊन फिरल्याबद्दल कुचेष्टा झाली होती, तेथेच डॉक्टर म्हणून परतण्याची ही संधी होती. परंतु तोवर क्षयरोगाने त्यांच्या शरीरात मूळ धरले होते. नोव्हेंबर १८८६ मध्ये मुंबईला उतरलेल्या आनंदीबाई रुग्णसेवा सुरू करण्याआधीच स्वतः अंथरुणाला खिळल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षे पूर्ण होण्यास एक महिना उरला होता. त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडे पाठविली आणि न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली गेली. पत्रातून जोडलेल्या मावशीने भाचीला अखेरपर्यंत आपल्या घरातलीच मानले.

आनंदीबाईंना एकाही रुग्णाची नियमित सेवा करता आली नाही, म्हणून त्यांचे शिक्षण वाया गेले असे म्हणता येत नाही. पंडिता रमाबाईंनी त्याच १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेले उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील इंग्रजी पुस्तक आनंदीबाईंच्या स्मृतीला अर्पण केले आणि त्याची प्रस्तावना डॉ. बॉडली यांनी लिहिली. त्या कार्यातून उभ्या राहिलेल्या मदतीवर मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले. तो दिवस ११ मार्च १८८९ होता. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले आनंदीबाईंचे मराठी चरित्रही त्याच वर्षी प्रसिद्ध झाले आणि घराघरांतील मुलींना त्यांची कथा कळली. मुलीने शिकायला दूर जाणे ही आज जी सामान्य गोष्ट झाली आहे, तिच्या पायाशी हे सारे आहे.

शाळेच्या हीरक महोत्सवाच्या वर्षी हे चरित्र आठवायचे ते केवळ अभिमानासाठी नव्हे. आनंदीबाईंच्या पहिल्या वर्षाकडे नीट पाहिले तर तीन प्रकारच्या गोष्टी वेगळ्या काढता येतात. काही गोष्टी त्यांनी स्वतः बदलल्या. त्यात साडीचे नेसण आले, भाषा आली, शवविच्छेदनाविषयीचा संकोच आला. काही गोष्टी त्यांनी विचारपूर्वक तशाच ठेवल्या; त्यात आहार होता, श्रद्धा होती, देशाचा अभिमान होता. तिसऱ्या प्रकारच्या गोष्टी बदलणे त्यांच्या हाती नव्हतेच. नादुरुस्त शेकोटी कोणीतरी वेळेवर दुरुस्त करून द्यायला हवी होती, गरम जेवणाची सोय कोणीतरी करायला हवी होती आणि घरून येणाऱ्या पत्रांत दोषारोपांच्या जागी धीराचे शब्द असायला हवे होते. विद्यार्थ्याने जुळवून घ्यावे असे आपण सहज म्हणतो. पण या तिसऱ्या प्रकारातील उणिवा त्याच्या निश्चयाने भरून निघत नाहीत. त्या भरून काढणे घराचे, शिक्षकांचे आणि संस्थेचे काम असते.

आज गोरखपुरातून बाहेर पडणारी मुले आनंदीबाईंइतकी एकटी नाहीत. पत्राची महिनोनमहिने वाट पाहावी लागत नाही. रोज रात्री चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो. तरीही पहिल्या वर्षाचा जाच पुरता सरलेला नाही. मराठी शाळेत पहिला येणारा मुलगा इंग्रजी व्याख्यानात मागे पडतो आणि आपण मुळातच कमी आहोत असे मानू लागतो. मेसचे जेवण सोसत नाही, अंगात ताप असतो आणि फीसाठी घरच्यांनी किती ओढाताण केली हे ठाऊक असल्याने तो फोनवर काही बोलत नाही. अशा वेळी पहिल्या चाचणीत गुण किती मिळाले या प्रश्नाआधी जेवलास का, झोप लागते का, खोली कशी आहे, कोणाशी मैत्री झाली, हे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. एखाद्या विषयात मागे पडल्याची बातमी आली तर ती ऐकून घेण्याइतका धीर घरात असला पाहिजे. आणि जी मुले पूर्वी येथून गेली, आज पुण्या-नागपुरात किंवा त्याहून दूर स्थिरावली, त्या माजी विद्यार्थ्यांना नव्याने येणाऱ्या मुलांसाठी रोझेलच्या त्या घरासारखे एक घर होणे अगदी सहज शक्य आहे. रविवारी जेवायला बोलावणे, आजारपणात डॉक्टरकडे नेणे, वसतिगृहाची खोली एकदा स्वतः जाऊन पाहून येणे, इतकेच त्यासाठी पुरेसे आहे. कार्पेंटरबाईंनीही सुरुवात एका पत्रानेच केली होती.